मामाजी, अकोला आणि माझा डावा डोळा

आमच्या वरूडकडे संत्र्याचं कलम करण्याला डोळा भरणं म्हणतात. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट अलगद उचलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. हे काम बहुतेक पुरुष करतात. मला ते माझ्या सासऱ्यांनी शिकवलं, कारण त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा, चांदूर बाजारला एसटीत कंडक्टर होता आणि त्याला मातीत बसायची आवड नव्हती.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. मामाजी मला शिकवायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. तेव्हा आमच्या घरात सासरा आणि सून समोरासमोर बोलण्याची रीत नव्हती. मी डोक्यावर पदर घेऊन आमच्या रोपवाटिकेतल्या वाफ्याच्या एका बाजूला बसायची, ते दुसऱ्या बाजूला, आणि मला जे सांगायचं ते रोपाला सांगायचे. "साल जास्त नको उचलू. जीव असते तिच्यात." मी ऐकायची आणि तसं करायची. दोन हंगामांत माझा हात बसला. पुढे गिऱ्हाईक यायचं ते मामाजींना विचारायचं, की यातली सूनबाईच्या हातची कलमं कोणती. मामाजी बोटाने वाफा दाखवायचे आणि दुसरीकडे बघायचे. त्यांना बरं वाटायचं, हे मला त्यांच्या दुसरीकडे बघण्यातून कळायचं.

ही गोष्ट ज्या वर्षांची आहे, ती आमच्या भागाची वाईट वर्षं होती. विहिरी आटल्या, बोअर कितीही खोल नेले तरी नुसती धूळ वर यायची. वीस-वीस वर्षांच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी झाडं तोडली आणि संत्र्याची लाकडं ट्रक भरभरून जळणाला गेली. नवी बाग कोण लावणार? आमचे अर्धे वाफे न विकता उभे राहिले, कलमं वाढून त्यांची मुळं पिशव्या फोडून जमिनीत गेली. त्यातच मी वाळायला लागले. जेवण दुप्पट आणि अंगावर मांस नाही. छातीत सारखं धडधडायचं, थंडीतही घाम यायचा. सगळे म्हणाले, काळजीने असं होतं. मलाही तेच खरं वाटलं, कारण त्या दिवसांत काळजी नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं.

माझा चाकू थरथरतो, हे पहिल्यांदा मामाजींनी पाहिलं. ते रोपाला म्हणाले, "हात हालून राहिला. हे काळजीचं नोय. डाक्टरले दाखवा लागते."

नवऱ्याने मला अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मान चाचपली, रक्त तपासलं आणि सांगितलं की थायरॉईडची गाठ गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. गोळ्या दिल्या. घरात कोणी विडी ओढतं का, असंही विचारलं. या आजारात पुढे डोळे बिघडू शकतात आणि धुराने ते आणखी बिघडतात, म्हणाले. घरी आल्यावर नवऱ्याने हे सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मामाजींना. दुसऱ्या दिवसापासून त्यांची विडी शेताच्या पार टोकाच्या बांधावर गेली, आणि महिन्याभराने बंद झाली. चाळीस वर्षांची विडी होती.

गोळ्यांनी हात थांबला, वजन भरलं. डोळ्यांनी मात्र ऐकलं नाही. ते हळूहळू बाहेर आले. वरची पापणी मागे ओढली गेली, बुबुळाभोवती पांढरं दिसायला लागलं. मी साधं बघितलं तरी समोरच्याला वाटायचं, ही डोळे वटारते आहे. शेजारची एक बाई दोन महिने माझ्याशी बोलली नाही, कारण मी तिच्या सुनेकडे रागाने पाहिलं म्हणे. डोळे लालही असायचे आणि दिवसभर पाणी गळायचं.

याच काळात एके दिवशी मोटारीतून शहरातली काही मंडळी कॅमेरा घेऊन गावात आली. त्या वर्षांत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरी अशी मंडळी यायची. मी ओट्यावर तूर निवडत होते. माझे डोळे पाहून त्यातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि फार हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्याकडे कधी झालं?"

"काय कधी झालं?"

ती गोंधळली. तेवढ्यात आतून नवरा खाकी कपडे घालून, तिकिटांची पेटी घेऊन ड्युटीवर जायला निघाला. मी म्हणाले, "तुमी ज्याइचं विचारून राहिल्या, ते हे पाहा." मुलगी एकदम उभी राहिली. तिला फार लाज वाटली. मी तिला पाणी दिलं, माझा आजार समजावून सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला. आमच्याच गल्लीत ज्या घरी खरंच तसं झालं होतं, त्या घरचं दार त्या दिवशी उघडलंच नाही.

मग एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या. एका सकाळी जाग आली आणि छताकडे पाहिलं तर पंखे दोन होते, एकावर एक. चूळ भरून आले तोवर एकच झाला. मला वाटलं, झोपेमुळे झालं असेल. पण पुढच्या महिन्यात दारासमोरच्या विजेच्या तारांवर तारा दिसू लागल्या, मग बसच्या पाटीवर दुसरी पाटी, मग माणसाच्या डोक्यावर त्याचंच डोकं. ते दुसरं चित्र महिन्यामहिन्याने वरून खाली उतरत होतं. हनुवटी वर करून, नजर खाली ठेवून पाहिलं तर दोन्ही चित्रं एक व्हायची, म्हणून मी तशीच चालायला लागले. आधीच मी वटारून बघणारी, त्यात आता नाक वर करून चालणारी. गावात माझ्याबद्दल काय बोललं जात असेल, ते मी कुणाला विचारलं नाही.

डोळा भरताना नजर खालीच असते, म्हणून काम बरेच दिवस निभावलं. पण एका हंगामात ते दुसरं चित्र रोपापर्यंत पोचलं. एका खोडाला दोन चिरा दिसायच्या आणि डोळा कोणत्या चिरेत सरकवायचा ते कळायचं नाही. स्वतःचा एक डोळा बांधून पाहिला. चीर एकच दिसली, पण ती किती जवळ आहे ते समजेना. चाकू अंगठ्यात गेला. मामाजींनी माझ्या हातातून चाकू घेतला, मिटला आणि खिशात ठेवला. त्या दिवशी ते रोपालाही काही म्हणाले नाहीत.

अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्या तिरळ्या डोळ्यांची ऑपरेशनं करायच्या. मी, नवरा आणि मामाजी असे तिघं गेलो. बाई साधारण माझ्याच वयाच्या, पन्नास वेळा विचारलं तरी न कंटाळणाऱ्या. त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर काचेचे त्रिकोणी तुकडे धरून मापं घेतली. मग कागदावर डोळा काढला आणि त्याच्या खालून एक जाड रेघ ओढली. डोळा खाली ओढणारा हा स्नायू सुजून सुजून आता कडक झाला आहे, तो सैल होत नाही, म्हणून डावा डोळा वर जात नाही, असं त्यांनी सांगितलं. तो स्नायू डोळ्यावरून सोडवून थोडा मागे नेऊन पुन्हा शिवायचा.

मामाजी इतका वेळ दाराशी उभे होते. ते पुढे आले. कागद हातात घेऊन त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"म्हंजे पट्टी आवळली हाय. ते ढिली करा लागते."

"अगदी तसंच, काका," बाई म्हणाल्या.

"किती ढिली?"

बाईंनी आपल्या करंगळीच्या नखाचा अर्धा भाग दाखवला. मामाजींनी मान हलवली. एवढ्या अंतराने काय होतं आणि काय बिघडतं, हे त्यांना माहीत होतं.

पण लगेच ऑपरेशन नाही, असं बाईंनी बजावलं. आजार अजून हलता आहे. मापं निदान सहा महिने एकाच जागी थांबली पाहिजेत, नाहीतर आज सरळ केलेला डोळा उद्या पुन्हा वाकडा होईल. तोवर त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर बारीक रेघांचा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून दिला. त्याने जग थोडं धुरकट झालं, पण एक झालं. मी त्या चष्म्यावर वर्षभर काढलं. दर दोन महिन्यांनी वरूडहून अमरावती, अमरावतीहून अकोला. कलमं मामाजी एकटे भरायचे. मी पिशव्यांत माती भरायची, पाणी द्यायची आणि चष्म्यातूनही कधी भांडी दोन-दोन दिसली की डोळे मिटून बसायची.

शेवटी बाई म्हणाल्या, मापं थांबली आहेत. आणि तेव्हा नवरा मागे सरला. त्याच्या बसमध्ये रोज शंभर माणसं त्याला शंभर गोष्टी सांगायची. कुणाच्या काकूचा डोळा गेला, कुणाच्या साळ्याचा. तो म्हणाला, "चष्म्यानं भागून राहिलं नं? मंग सुरी काहून लावाची डोयाले?" सासूबाईही त्याच्याच बाजूने होत्या. आमच्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, हेही एक कारण सापडलं.

मी वाफ्यावर गेले. मामाजी खाली बसून पट्ट्या सोडत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलले.

"मामाजी, मले आपरेशन करायचं हाय."

त्यांनी वर पाहिलं. रोपाकडे वळले नाहीत. "मंग करू," ते म्हणाले. "मी येतो तुह्यासंगं."

अकोल्याला मी आणि मामाजी गेलो. त्यांनी पांढरं धोतर नेसलं होतं आणि हातात सासूबाईंनी बांधून दिलेली दशम्यांची पिशवी होती. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या मुसलमान बाई होत्या. मोतीबिंदूसाठी आल्या होत्या. त्यांचं घराणं गाद्या-रजया भरणाऱ्यांचं. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत होते, मीही म्हणू लागले. मामाजी दर तासाला दाराशी येऊन उभे राहायचे, आत न येता बघायचे आणि जायचे.

"बेटी, तुझे अब्बा अंदर काहून नाई येत?" खालांनी विचारलं.

"सासरे हायेत."

खाला खाटेवर उठून बसल्या. मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "भाईसाब, आत या. इथं सगळेच आंधळे हावोत, पडदा कोनाचा कोनाशी?" मामाजी आत आले आणि माझ्या खाटेच्या पायाशी असलेल्या लोखंडी स्टुलावर बसले. त्यांच्याकडे बघून मला हसू आलं, आणि ते मला लपवताही आलं नाही.

ऑपरेशन मी जागी असताना झालं. डोळ्याच्या बाजूला सुई दिली, जरा आग झाली, मग सगळं बधिर झालं. चेहऱ्यावर हिरवं कापड, मधे एक भोक, वर मोठा उजेड. दुखलं नाही. पण बाई स्नायू ओढायच्या तेव्हा पोटातून मळमळून यायचं, जणू डोळ्याचा दोरा थेट पोटाला बांधला आहे. बाई सांगत होत्या, आता धरला, आता सोडवला, आता मागे शिवते. सिस्टरने माझा हात धरून ठेवला होता. मला आठवतं, मी पूर्ण वेळ मनात मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले धडे म्हणत होते, जे तिच्याकडून पाठ करून घेताना माझेच पाठ झाले होते.

टाक्याचा दोरा अजून कायमचा बांधला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खुर्चीत बसवलं, पट्टी काढली, डोळा बधिर करायचे थेंब घातले. समोरच्या भिंतीवर एक लाल दिवा होता.

"किती दिवे?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"कसे?"

"एकाच्या वर एक. पन जवळजवळ हायेत."

त्यांनी चिमट्याने दोरा जरा ओढला. डोळ्यात कुणीतरी आतून बोट फिरवावं तसं वाटलं. "आता?"

वरचा दिवा खाली आला, खालच्याला टेकला आणि त्याच्याही खाली निघून गेला. "पलीकडं गेला," मी म्हणाले.

"बरं झालं सांगितलंत. आता घाई करू नका." त्यांनी दोरा किंचित सोडला. दिवा पुन्हा वर सरकला, कडेला लागला, अर्धा आत गेला. मी श्वास धरून बसले होते. मग एकच दिवा उरला. मी डोळे मिटले, उघडले. एकच. खाली हातातल्या कागदावरची अक्षरं वाचायला सांगितली. तीही एकच ओळ होती.

"एक," मी म्हणाले आणि मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "थांबा, अजून गाठ मारायची आहे." म्हणून मी रडणं थांबवलं.

मामाजी बाहेर होते. मला बाहेर आणलं तेव्हा डोळा रक्तासारखा लाल होता. माझी मान सरळ होती, हनुवटी खाली. त्यांनी माझ्या मानेकडेच पाहिलं. म्हणाले, "खाली आली नं हनुवटी." एवढंच.

दोन दिवस अकोल्यातच राहायला सांगितलं होतं. जठारपेठेत माझ्या मावसबहिणीचं घर होतं, आम्ही तिथे गेलो. ती आणि तिचे मिस्टर दोघंही शाळेत नोकरीला, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. माझ्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचे होते. मी स्वतः घालून पाहिले, ते गालावर पडले. दुसऱ्यांदा केसांत गेले. तिसऱ्यांदा बाटलीचं टोक डोळ्याला लागणार होतं, तेवढ्यात मामाजी म्हणाले, "आन इकडं."

मी पलंगावर आडवी झाले. पदर डोक्यावरून मागे पडला होता आणि मी तो ओढून घेतला नाही. मामाजींनी हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, धोतराला न पुसता हवेत वाळवले. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने माझी खालची पापणी इतकी अलगद खाली केली की मला फक्त ऊब लागली. त्या अंगठ्याने त्यांनी आयुष्यभर सालीच उचलल्या होत्या. थेंब बरोबर मधे पडला.

"दुखलं?"

"नाई."

"साल जास्त नाई उचलली," ते म्हणाले. मग तेच जरा हसले. मी त्यांना हसताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या समोरच्या एका दाताचा कोपरा तुटलेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी त्यांनी दशमी कुस्करून दूध-साखर घालून दिली. संध्याकाळी आम्ही जठारपेठेच्या रस्त्याने थोडं फिरलो. मी काळा चष्मा लावला होता. दुकानांच्या पाट्या, हातगाडीवरची केळी, समोरून येणाऱ्या शाळेच्या मुली, सगळं जितकं होतं तितकंच दिसत होतं. एका दुकानाच्या चार पायऱ्या मी पायाने न चाचपता उतरले. खाली उतरल्यावर मामाजींनी विचारलं, "डोयाले काही थंड पायजे का?" म्हणजे त्यांना आइसक्रीम खायचं होतं. आम्ही दोघांनी उभ्या उभ्या कुल्फी खाल्ली.

घरी आल्यावर नवरा पहिले दोन दिवस माझ्या डोळ्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी त्याने आपली दोन बोटं माझ्यासमोर धरली, मग एक धरलं, मग पुन्हा दोन. मी बरोबर सांगितलं. चौथ्या दिवसापासून बसमधल्या लोकांना तोच ऑपरेशनाची गोष्ट सांगायला लागला, आणि त्याच्या गोष्टीत ते चार तास चाललं होतं.

सगळंच पूर्ववत झालं नाही. डावी खालची पापणी जरा उतरली. नजर एकदम वर नेली की अजूनही दोन दिसतं. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितलं होतं, की समोरचं आणि खालचं मी देईन, वरच्याचा शब्द देत नाही. उंचावरची संत्री तोडायची असली तर मी मान मागे टाकते आणि काम भागतं. त्या थंडीत मी पुन्हा वाफ्यावर बसले. गिऱ्हाईक थोडंच होतं, म्हणून आम्ही थोडीच कलमं भरली, आणि उरलेल्या जागेत लिंबाची व मिरचीची रोपं लावली. मामाजी आता वाफ्याच्या माझ्याच बाजूला बसायचे आणि रोपांशी बोलायचे नाहीत. माझ्याशी बोलायचे. पावसाबद्दल, सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल, आणि खूपदा अकोल्याच्या कुल्फीबद्दल.

सहा महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा बाईंनी माझ्या डोळ्यांचे नऊ फोटो काढले. समोर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि चार कोपऱ्यांत बघताना. एका कागदावर तीन-तीनच्या ओळीत छापून एक प्रत मलाही दिली. वरच्या ओळीत डावा डोळा उजव्यापेक्षा जरा मागे राहिलेला दिसतो. मधल्या आणि खालच्या ओळीत दोघं बरोबर चालतात. मुलगी म्हणाली, "आई, तू प्रत्येक फोटोत हसून राहिली." मला ते काढताना कळलं नव्हतं. तो कागद मी रेशन कार्डाच्या पिशवीत, तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेसोबत ठेवला आहे.